गुळाची तुला

सुकेळ्यांचा, उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा फळीवरून काढला आणि विनयाचा हात जरा जास्तच वर गेला. जड म्हणून उचलायला जावं आणि वस्तू हलकी निघावी, की हात असा फसतो. पुडा दिसायला होता तसाच होता. वाळलेल्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळलेला, वरून केळीच्याच वाळक्या सोपटाच्या दोरीने आवळलेला, दिवाळीनंतर सासूबाईंच्या वाडीतून आलेला. सोमवारी ऑफिसातल्या मैत्रिणीला द्यायचा म्हणून तिने तो काढला होता. ओट्यावर ठेवून तिने दोरी सोडली. आत सुकेळी नव्हती. वर्तमानपत्राच्या सुरळ्या होत्या, सुकेळ्याएवढ्याच जाड, तशाच किंचित वाकवलेल्या, एकीला एक खेटून नीट मांडलेल्या. फळीवरचे बाकीचे पुडेही तिने एकेक करून हातात तोलले. तेही तसेच. खरं तर तिला राग यायला हवा होता. पण आधी आलं ते कौतुक, आणि त्याच्या मागोमाग भीती. नवरा, देवेंद्र, गोडाला शिवत नाही, म्हणजे हे काम क्षितिजाचं. दहा वर्षांची पोर, हस्तव्यवसायात कशीबशी पास होणारी, तिच्या हातात ही सफाई आली कुठून? सुरळ्या वाकवताना ती काय विचार करत असेल? विनयाने पुडा पुन्हा बांधायला घेतला. आतल्या खोलीत क्षितिजा गृहपाठ करत होती. हाक मारली असती तर सगळा उलगडा झाला असता, निदान रडारड तरी झाली असती. पण विनयाला एकदम वाटलं, चोराला रागावण्याआधी चोर कोण ते कळायला हवं. नाव माहीत असणं म्हणजे कळणं नव्हे. तिने दोरीची गाठ मारली. ती क्षितिजाच्या गाठीइतकी साफ आली नाही.

अंधेरीच्या टेलिफोन ऑफिसात ती दिवसभर लोकांच्या तक्रारी घेत असे. फोन बंद आहे म्हणून कुणी ओरडत आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, कधीपासून? तारखेवरून बरंच कळतं. रस्ता कधी खणला, केबल कधी भिजली, त्याचा माग लागतो. ओट्याशी उभी राहून तिने स्वतःलाच तो प्रश्न विचारला. क्षितिजा ताटावर जेवेनाशी झाली, ती कधीपासून? याचं उत्तर मात्र तिच्याकडे होतं. मागल्याच्या मागल्या रविवारी सगळे आगाशीला सुधाकरच्या दुकानात गेले होते, क्षितिजाच्या तुलेचा गूळ सांगायला, तेव्हापासून. सुधाकरने गल्ल्यावर बसल्या बसल्या क्षितिजाला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, आणि सासूबाईंना म्हणाला, "शांताकाकी, तुम्ही सांगता तेवढ्या ढेपींत नाही भागायचं. दुप्पट धरा, आणि वर एक हाताशी असू द्या." त्याच्या मनात पाप नव्हतं. वाडीच्या लोकांत भरलेलं अंग म्हणजे घरचं चांगलं चाललंय याची पावतीच. सासूबाईंची तर छाती फुगली. "मग! जन्मली तेव्हा दीड किलोची होती," त्या म्हणाल्या. देवेंद्र हसला. विनयाही हसली असावी, तिला नक्की आठवेना. क्षितिजा मात्र कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. भिंतीशी रचलेल्या ढेपींकडे ती एकटक बघत होती, अवघड गणिताकडे बघावं तशी. तिच्या चेहऱ्यावर लाज असती, तर विनयाने तिथेच तिला जवळ घेतलं असतं. पण ती लाज दिसत नव्हती. काहीतरी मोजणं चाललं होतं. त्या रात्रीपासून ती ताटात भात इकडचा तिकडे करायची आणि म्हणायची, पोट भरलं.

तुलेची गोष्ट जुनी होती. एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात क्षितिजा दोन महिने आधीच आली, आणि वसईच्या इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. विनयाला ती पेटी नीट आठवत नाही. आठवतो तो पेटीबाहेर उभ्या असलेल्या सासूबाईंचा पदर, काचेवर घासून ओला झालेला. आत हाताच्या पंजाएवढं काहीतरी लालसर, श्वास घेताना बरगड्या दिसणारं. डॉक्टर काही सांगत नव्हते. तेव्हा शांताबाईंनी वाडीतल्या देवीला नवस बोलला, हिला जगव, मी हिला गुळाने तोलीन. पोर जगली. वर्षाची झाली तेव्हा सासरे, दिनानाथ, म्हणाले, तुला उरकून टाकू. शांताबाईंनी नातीला कडेवर घेतलं, वर-खाली केलं आणि नाक मुरडलं. "एवढ्याशा काडीला किती गूळ लागणार? देवीने जीव दिला आणि आपण तिला मूठभर गूळ द्यायचा? भरू दे जरा." वाडीत केळीचा घड असाच ठेवतात. केळ्याच्या कडा बुजून ते गोल होईपर्यंत कोयता लावायचा नाही. अर्धा भरलेला घड काढणाऱ्याला नावं ठेवतात. शांताबाईंचं आयुष्य घड भरण्याची वाट बघण्यात गेलेलं, त्यांनी नातीलाही तोच कायदा लावला. दरवर्षी माघ आला की त्या क्षितिजाचा दंड चिमटीत धरून बघायच्या आणि म्हणायच्या, पुढल्या वर्षी. मग तूप यायचं, सुकेळी यायची, ओल्या नारळाच्या वड्या यायच्या. क्षितिजा दोन घास जास्त जेवली की आजी तिच्या पोटावर हात ठेवून म्हणायची, "भरतेय गो माझी पोर." विनयाला तेव्हा ते फार बरं वाटायचं. काचेतल्या बरगड्या बघितलेल्या बाईला पोरीच्या अंगावरची वळी बघून जे सुख होतं, ते दुसऱ्या कुणाला सांगून समजणार नाही. मग पोर सहा-सात वर्षांची असताना कधीतरी ते सुख आंबलं. नेमकं कधी, त्याची तारीख विनयाकडे नव्हती. एवढं खरं की एका वर्षी दुकानात मुलींच्या कपड्यांत क्षितिजाच्या मापाचं काही मिळेना, आणि विक्रेत्याने, "ताई, बायकांच्यात बघा," म्हटलं. तरी शांताबाईंचा घड काही भरला नव्हता. दिनानाथ गेले, शांताबाईंचे गुडघे गेले, तेव्हा कुठे त्यांनी ठरवलं, या माघात तुला करायची. भावकीला आमंत्रणं गेली. पोर दहा वर्षांची झाली होती, आणि वसईच्या एव्हरशाईन सिटीतली त्यांच्या बिल्डिंगमधली मुलं तिला ढोली म्हणून हाक मारत होती.

शनिवारभर विनया लेकीकडे बघत राहिली. आपण हिच्याकडे एरवी बघतो ते खाण्यापुरतं, हे तिच्या त्या दिवशी लक्षात आलं. किती घेतलं, काय घेतलं, परत घेतलं का. बाकीची क्षितिजा तिला जवळजवळ नवीच होती. ही पोर लिहिताना जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरते. खुर्चीवर बसताना आधी हाताने खुर्ची दाबून बघते, मग बसते. आरशासमोरून जाताना मान वळवून खिडकीकडे बघते. दुपारी विनयाने वरण-भात वाढला. क्षितिजाने भाताचे चार भाग केले, त्यांतला एक वरणात बुडवला, आणि ताट पुढे सारलं. "पोट भरलं?" विनयाने विचारलं. "भरलं." तिने खोटं बोलतानाची नजर शोधली, ती काही सापडली नाही. गेल्या महिन्यात ती हिला वसई गावातल्या डॉक्टर बॅप्टिस्टांकडे घेऊन गेली होती. म्हातारा माणूस, चष्म्यावरून बघणारा. विनयाने धडाधड सांगितलं, पोळ्या किती, भात किती, बटाटा बंद केलाय, बिस्किटं कुलपात ठेवते. ते ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाले, "किती ते राहू द्या हो. पोरगी खाते कधी?" विनया म्हणाली, सकाळी, दुपारी, रात्री. डॉक्टरांनी मान हलवली, पटलं नाही अशी. औषध काही दिलं नाही. बाहेर पडताना विनयाला ती फी फुकट गेल्यासारखी वाटली होती. आता हलक्या पुड्यांसमोर उभं राहिल्यावर तो प्रश्न परत आला. सकाळ, दुपार, रात्र नव्हे. कधी? विनया आणि देवेंद्र सकाळी घराबाहेर पडतात, ते दिवेलागण उलटून गेल्यावर परत येतात. क्षितिजा शाळेतून येते दुपारी. गळ्यात लाल दोऱ्याला चावी. दार उघडते, आत येते, दार लावते. त्यानंतरच्या दुपारी या घरात काय होतं, ते घरातल्या दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. विनयाला हे इतकं विचित्र वाटलं, की ती सोफ्यावर बसून दाराकडे बघत राहिली. आपण कर्ज काढून घेतलेल्या घरातल्या दुपारी कशा असतात, हे आपल्याला ठाऊक नाही. पंखा चालू असतो का? ती कुठे बसते? शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरची शिट्टी इथे ऐकू येते का?

रविवारी तिघं वाडीवर गेली. तुलेला आठवडा उरला होता. शांताबाईंनी उत्साहाने वालाचं बिरडं, भात, खीर असा बेत केला होता. गूळ घरी येऊन पडला होता. पडवीत नव्हे, देवघरात नव्हे, मुंग्यांना भिऊन मागच्या खोपीत, जिथे पूर्वी केळीचे घड तोलायचे. तिथली मोठी तागडी अजून आढ्याला टांगलेली होती. लोखंडी दांडी, साखळ्या, दोन्ही बाजूंना माणूस मांडी घालून बसेल एवढ्या फळ्या. व्यापारी आता स्वतःचा काटा आणतात, त्यामुळे ती नुसतीच लटकत असे. शांताबाईंनी तिला तेल घालून, साखळ्या पुसून तयार केली होती. "या तागडीवर तुझ्या आजोबांनी अख्ख्या वाडीचे घड तोलले, माहीत आहे का गो?" त्या नातीला वाढता वाढता सांगत होत्या. "आता तू बसायचीस. नवी साडी नेसून बसायचं, तुझ्या मापाची शिवून ठेवलीय मी." क्षितिजाने खीर वाटीतल्या वाटीत ढवळली. "आजी, पोट भरलं." शांताबाईंचा हात पळीसकट थांबला. "माझ्या हातचं आवडेनासं झालं का?" त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता, आणि विनयाला त्या घटकेला दोघींचीही कीव आली. एकीला प्रेम करायची ही एकच रीत येत होती, आणि दुसरी त्या रीतीपासून पळत होती. देवेंद्र म्हणाला, "राहू दे गं आई, वजन कमी करतेय ती," आणि हसला. जेवण झाल्यावर तो पडवीत आडवा झाला. विनयाने सगळं आवरलं, आणि कढईत उरलेलं बिरडं पोळीच्या तुकड्याने पुसून मोरीपाशी उभ्या उभ्या खाल्लं. नंतर तिच्या ध्यानात आलं की क्षितिजा बराच वेळ दिसलेली नाही.

खोपीचं दार लोटलेलं होतं. आत सुकलेल्या केळीच्या पानांचा आणि गुळाचा वास कोंदला होता. क्षितिजा तागडीच्या एका फळीवर मांडी घालून बसली होती. दुसऱ्या फळीवर गुळाच्या ढेपी होत्या, गोणपाटासकट, एकीवर एक. एवढ्या ढेपी तिने एकटीने ओढत आणल्या असणार, कारण तिचा फ्रॉक पुढून घामाने भिजला होता. तिची फळी जमिनीला टेकलेली होती. गूळ वर, अधांतरी. विनयाला वाटलं आता ही दचकेल, उठेल. ती नुसती वर बघत होती, दांडीच्या मध्यावरच्या काट्याकडे.

"काय करतेस?" विनयाने विचारलं.

"बघतेय किती लागतो ते," क्षितिजा म्हणाली. "आलेला सगळा ठेवला. तरी मला उचलत नाही. सगळ्यांसमोर परत सुधाकरकाकांकडे पाठवावं लागेल." मग जरा वेळाने, अगदी सरळ आवाजात, "मी इतके दिवस जेवत नाहीये, तरी असं कसं गं?"

"आणि सुकेळी?"

क्षितिजाची मान खाली गेली. पण उत्तर आलं. "सुकेळी जेवणात धरत नाहीत."

विनयाला हसू आलं. ओरडायला जागा भरपूर होती. देवाचा गूळ जमिनीवरून ओढलास, खोटे पुडे बांधलेस, उपाशी राहतेस. पण तिला समोरच्या रिकाम्या होऊ शकणाऱ्या फळीचं भलतंच कुतूहल वाटू लागलं. तिथे बसून पाहिलं तर ही पोर कशी दिसेल? तिने एकेक ढेप उतरवून बाजूला ठेवली, साडी सावरली, आणि त्या फळीवर बसली. साखळ्या करकरल्या. तिला वाटलं होतं, आपण खाली जाऊ. ती जरा झुलली आणि वरच राहिली. पाय जमिनीला लागेनात. क्षितिजा समोर, खाली, तोंड वर करून तिच्याकडे बघत होती.

"आई, तू तर माझ्यापेक्षा कमी आहेस."

"दिसतंय खरं," विनया म्हणाली. बाहेर वाडीत कुणीतरी पंप सुरू केला. मग विनयाने विचारलं, "क्षिती, सुकेळी कधी खातेस?"

"शाळेतून आले की. दार लावलं की."

"खूप भूक लागते?"

क्षितिजाने विचार केला. खरोखरच केला, डोळे बारीक करून. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं. "भूक नाही. घरात आवाज नसतो ना. चावलं की डोक्यात आवाज येतो."

"टीव्ही लावायचा."

"त्याचा बाहेर येतो. हा आतमध्ये येतो. खाणं संपलं की परत जातो, मग अजून एक खाते."

"आणि ते कागद?"

"पुडा रिकामा दिसला तर आजी आणखी पाठवेल." ती साखळीची कडी नखाने खरवडत राहिली, आणि मग तिनेच विचारलं, "आई, तू कधी जेवतेस?"

"म्हणजे? तुमच्यानंतर."

"मी कधी बघितलंच नाही. तू ताट घेऊन बसलीयेस, असं." यात आरोप नव्हता. सुधाकरच्या दुकानात ढेपींकडे बघावं, तसं ती आईकडे बघत होती. विनयाने आठवून पाहिलं. सकाळी चहात बुडवलेली पोळी, गाडी चुकेल म्हणून अर्धी. रात्री ओट्याशी, मोरीशी, फ्रिजच्या उघड्या दाराशी. तासाभरापूर्वीचं बिरडं. चोरून नव्हे, पण कुणासमोरही नव्हे. आपल्या घरात जो तो पाठ करून खातो, आणि ढोली म्हणतात ते या एकटीला. हे तिला इतकं लख्ख दिसलं की तिने साखळी घट्ट धरली.

दारात सावली पडली. शांताबाई गुडघ्यावर हात ठेवून, चौकटीला धरून उभ्या होत्या. खाली उतरवलेल्या ढेपी, वर लटकलेली सून, जमिनीला टेकलेली नात. "हे काय गो चाललंय?" त्यांनी विचारलं. विनया उत्तर जुळवत होती, तेवढ्यात क्षितिजा बोलली.

"आजी, मी भरले का?"

शांताबाईंनी नातीकडे, मग तागडीकडे पाहिलं.

"तू म्हणायचीस ना, भरली की करू. आता भरले का? म्हणजे आता थांबू?"

एवढं बोलून झाल्यावर पोरीची हनुवटी थरथरू लागली. इतका वेळ तिचं जे गणित चाललं होतं, ते गणित नव्हतंच, हे विनयाला आत्ता कळलं. ही पोर दहा वर्षं वाट बघत होती, कुणीतरी पुरे म्हणावं म्हणून. शांताबाई हळूहळू आत आल्या. त्यांनी जन्मभर घड पारखले होते, हात लावून सांगायच्या, आज काढायला हवा, उद्या फुटेल. त्यांनी नातीच्या घामेजल्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "भरलीस गो," त्या म्हणाल्या. "केव्हाच भरलीस. माझंच बघायचं राहून गेलं."

मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. खोपीत माणसं आणि तागडी दोन्ही समोर असताना तोलल्याशिवाय परत जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एक लहान ढेप उचलून त्यांनी विनयाच्या मांडीवर ठेवली. फळी थोडी खाली आली. कोपऱ्यातल्या पिकत घातलेल्या घडाची एक फणी तोडून तीही ठेवली, मग दोन केळी काढून घेतली, मग एक परत ठेवलं. "हलू नका," त्या म्हणाल्या. क्षितिजाची फळी जमिनीवरून सुटली. तिने घाबरून साखळ्या धरल्या. पाय दुमडून घेतले, मग सोडले. ती अधांतरी होती, आणि समोर तिच्याच उंचीला तिची आई. काटा मध्यावर येऊन थरथरत राहिला. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि विनयाला एवढंच दिसत होतं की हिचे डोळे काचेच्या पेटीतल्या डोळ्यांसारखेच आहेत, उघडे, आणि बाहेर कोण आहे ते शोधणारे.

"झाली तुला," शांताबाई म्हणाल्या. "देवीने पाहिलं. भावकीला मी सांगेन काय ते." ते सोपं जाणार नव्हतं. दहा वर्षं मिरवलेला नवस खोपीत उरकला म्हणून लोक बोलणार, हे त्यांच्या पडलेल्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तरी त्यांनी कोयता घेतला आणि विनयाच्या मांडीवरची ढेप खाली घेऊन फोडली. पहिला खडा केळीच्या पानावर देवीसाठी बाजूला ठेवला. क्षितिजा जमिनीवर उतरून उभी होती. एक हात अजून तागडीच्या साखळीवर होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला भूक लागलीये."

"कुठे?" विनयाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

क्षितिजाने फ्रॉकवर हात फिरवत जागा शोधली आणि पोटाच्या मध्यावर ठेवला. "इथे."

उद्या सोमवार होता. दुपारी ही पोर गळ्यातली चावी काढून दार उघडेल, आत जाईल, आणि घर तसंच गप्प असेल. त्याचं काय करायचं, ते विनयाला ठाऊक नव्हतं. ऑफिसात सकाळची पाळी मागून घेता येईल का, आजी काही दिवस राहायला येतील का, डॉक्टर बॅप्टिस्टांना परत जाऊन काय सांगायचं, सगळं डोक्यात एकदम आलं. शांताबाईंनी सुपात खोबऱ्याचे तुकडे आणि गूळ ठेवला. तिघी खोपीच्या जमिनीवर बसल्या. क्षितिजाने गुळाचा खडा उचलला, पण तोंडात घातला नाही. तो बोटांत धरून ती आईकडे बघत थांबली. विनयाने एक खडा घेतला, खोबऱ्याचा तुकडा घेतला, नीट मांडी घालून बसली आणि खाऊ लागली. ती चावतेय हे क्षितिजाने पुरतं बघून घेतलं. मग आपला खडा तोंडात घातला.